मिसिंग फक्त घाटातच का होतं? टर्बो गाडी, पी०३०२ आणि हेड उघडण्याआधीचं काम

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही धागा लागेल. गाडी २०२१ची, एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, ५८,००० किलोमीटर झालेली. घरचे पाच जण महेश्वरहून इंदूरला परत येत होतात. गुजरी सोडून मानपूरकडे चढताना, चौथ्या गियरमध्ये, एसी चालू असताना गाडी मिसिंग (मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल न पेटणं) करत झटके मारायला लागली आणि चेक इंजिनची लाइट लुकलुकू लागली. मानपूरला चहाला थांबलात, पुन्हा सुरू केली तर स्लो (उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलेटर न दाबता चालणारं इंजिन) अगदी शांत, लाइट मात्र पेटलेलीच. गॅरेजमध्ये कोड निघाला पी०३०२. तिन्ही प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, कोड पुसला. पंधरा दिवस सुदामानगर ते विजयनगर ये-जा बिनघोर झाली. पुन्हा महेश्वर, पुन्हा तोच चढ, तेच झटके, तोच कोड. आता ते म्हणतात तिन्ही इंजेक्टर नवे टाका, नाही थांबलं तर हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडू. तुम्ही विचारताय, करू का?

नका करू. अजून नाही.

मी २७ वर्षं इंदुरात हेच काम करतोय. कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर हात बसला आणि गेली दहा-बारा वर्षं टर्बो पेट्रोलच जास्त येतात. इतक्या वर्षांत मिसिंगच्या ज्या गाड्या माझ्याकडे 'सगळं बदलून झालंय' म्हणून आल्या, त्यांपैकी बहुतेकांत खरा दोष लहान होता आणि तो न सापडण्याचं कारण एकच होतं: कोड वाचला आणि पाना उचलला. पी०३०२ एवढंच सांगतो की दोन नंबरच्या सिलिंडरने आपलं काम केलं नाही. का केलं नाही, ते त्या कोडला माहीत नसतं.

त्याला कळतं कसं, ते सांगतो. क्रँकला एक दातेरी चक्र असतं आणि त्याच्यासमोर सेन्सर. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँक दर २४० अंश फिरला की एका सिलिंडरचा धक्का मिळतो. ज्याचा धक्का बसला नाही त्याच्या पाळीला क्रँक किंचित रेंगाळतो. इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हे रेंगाळणं मोजतो आणि कुणाची पाळी होती ते लिहून ठेवतो. प्लग, त्याला वीज देणारी कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह यांपैकी काहीही त्याला दिसत नाही.

आणि लाइट लुकलुकली म्हणजे काय, हेही घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. स्थिर पेटलेली लाइट 'सवडीने दाखवा' म्हणते. लुकलुकणारी लाइट 'आत्ता पाय काढा' म्हणते. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही एकदम कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जातात आणि तिथे जळतात. टर्बो गाडीत कॅट टर्बोला जवळजवळ चिकटून असतो, मुळातच तापलेला. त्यात ही आग पेटली की आतली जाळी वितळण्यापर्यंत वेळ येते. प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असले धातू त्यात असतात, म्हणून तो भाग तिन्ही इंजेक्टरांपेक्षाही महाग पडू शकतो. पुन्हा असं झालं तर अ‍ॅक्सिलेटर सोडा, खालचा गियर टाका, एसी बंद करा, सुरक्षित जागा मिळेपर्यंत हळू चला. घाट तसाच ताणून चढवू नका.

आता तुमच्या गाडीकडे. तुम्ही न विचारता सगळ्यात मोलाची माहिती देऊन टाकली आहे: केव्हा. स्लो वर नाही, शहरात नाही, सकाळी गार इंजिनावर नाही. फक्त गरम इंजिन, पूर्ण ओझं, कमी आरपीएम आणि टर्बोचं पूर्ण प्रेशर, या चारही गोष्टी एकत्र आल्या की. माझ्या मते अर्धं निदान इथेच होतं, कारण टर्बो गाडीत या परिस्थितीत सगळ्यात जास्त ताण कुणावर येतो तर ठिणगीवर.

प्लगच्या दोन टोकांतली फट ओलांडायला वीज लागते, आणि किती व्होल्ट लागतील ते दोन गोष्टींवर ठरतं: फट किती आहे आणि तिथल्या वायूचा दाब किती आहे. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिश पाशेन यांनी १८८९ साली हा नियम मांडला. आपल्या इंजिनाच्या हिशेबात त्याचा अर्थ सरळ आहे. दाब वाढला की ठिणगी पाडणं अवघड, फट वाढली की आणखी अवघड. साध्या, बिनटर्बो इंजिनात मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या हवेइतकाच, त्याहून जास्त होत नाही. टर्बोने एक बार बूस्ट (हवेचा जादा दाब) दिला की तो दुप्पट. पिस्टनने दाबल्यावर सिलिंडरमधला दाबही त्याच प्रमाणात वाढलेला. शिवाय लोडवर इसीयू टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी अशा क्षणी पाडायची असते जेव्हा पिस्टन अगदी वरती पोहोचत आलेला असतो. जिथे स्लो वर दहा हजार व्होल्टमध्ये काम भागतं तिथे घाटात पंचवीस हजार किंवा त्याहून जास्त लागू शकतात. कॉइल साधारण तीस-चाळीस हजारांपर्यंत देऊ शकते, पण वीज नेहमी सोपी वाट शोधते. प्लगच्या फटीतून जाणं कठीण झालं आणि कॉइल आणि प्लग जोडणाऱ्या रबरी नळीत, म्हणजे बूटमध्ये, कुठे बारीक चीर असेल, तर ती बाहेरच्या बाहेर प्लगच्या लोखंडावर उतरते. आत ठिणगी पडतच नाही. पाय काढला, बूस्ट उतरला की पुन्हा आतली वाट सोपी होते आणि गाडी काही झालंच नाही अशी चालते.

म्हणूनच टर्बो गाडीचा प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून 'बघा, स्पार्क येतोय' असं कुणी दाखवलं तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. उघड्या हवेत तो येणारच. आणि चालू इंजिनावर एकेक कॉइल उपटून बघण्याची जुनी पद्धत तर या गाड्यांत वापरूच नका. कॅटचं नुकसान, कॉइलचं नुकसान आणि इसीयूला धोका. मल्टिमीटर लावून 'कॉइल ओके' म्हणणंही तितकंच फोल आहे, कारण बऱ्याच नव्या कॉइलमध्ये आत ट्रान्झिस्टर असतो. ओहम मोजून तिची तब्येत कळत नाही, आणि थंड टेबलावर ठीक असलेली कॉइल नव्वद अंशाला ठीक असेलच असं नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट: कोड एकट्या दोन नंबरचा आहे, पी०३०० (अनेक सिलिंडरांचा कोड) नाही, ०३०१ आणि ०३०३ सोबत नाहीत. घरात एकालाच ताप आला तर त्याला तपासायचं, सगळ्यांची पोटं एकदम बिघडली तर पाणी तपासायचं. पेट्रोलचा पंप, हाय प्रेशर पंप, इंटरकूलरचा होज, पेट्रोलमधली भेसळ, हवेचा सेन्सर या सगळ्या गोष्टी तिन्ही सिलिंडरांना सामायिक आहेत. त्यांतलं काही बिघडलं असतं तर तिघांनी तक्रार केली असती. म्हणून दोन नंबरच्या एकट्याच्या वाट्याचं काय आहे तेवढं आधी धरू: त्याची कॉइल, तिचा बूट, त्याचा प्लग, त्याचा इंजेक्टर, त्या दोघांच्या वायरी आणि पिना, आणि शेवटी त्याचं कॉम्प्रेशन (पिस्टनने दाबल्यावर सिलिंडरात टिकणारा दाब).

कामाला लागण्याआधी फ्रीझ फ्रेम बघा. कोड साठवताना इसीयूने त्या क्षणाचे आकडे टिपलेले असतात: आरपीएम, लोड, पाण्याचं तापमान, वेग. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोन असला तरी हे निघतं. तुमच्या आठवणीतला घाट आणि तिथले आकडे जुळतात का ते पाहा. गॅरेजने कोड पुसला असेल तर ते आकडेही गेले. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, गाडी दाखवायला नेताना पहिलं वाक्य हेच असू द्या की आधी लिहून घ्या, मग पुसा.

मग अदलाबदल. यात एक रुपयाचा सुटा भाग लागत नाही आणि ती नीट केली तर उत्तर जवळजवळ पक्कं मिळतं. इंजिन पूर्ण थंड असू द्या. दोन नंबरची कॉइल बूटसकट तीन नंबरवर लावा, तीनची दोनवर. दोन नंबरचा प्लग एक नंबरमध्ये घाला, एकचा दोनमध्ये. म्हणजे संशयित दोघं वेगवेगळ्या घरी गेले. दोघांना एकाच घरी पाठवलंत तर कोड हलला तरी कुणी हलवला ते कळणार नाही, ही चूक मी चांगल्या अनुभवी मिस्त्रींकडूनही झालेली पाहिली आहे. आता कोड पुसा आणि गाडीला तसाच लोड द्या. पी०३०३ आला तर कॉइल किंवा बूट. पी०३०१ आला तर प्लग. पी०३०२च आला तर दोघंही सुटले, मग इंजेक्टर, वायरिंग आणि कॉम्प्रेशनकडे वळायचं.

एक खबरदारी: एक नंबर कुठून मोजतात ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. बहुतेक इंजिनांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूने मोजतात, काही फ्रेंच घडणीच्या इंजिनांत फ्लायव्हीलच्या बाजूने. तुमच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन नंबर कुठूनही मोजा, मधलाच, पण एक आणि तीन उलटले तर वरचा सगळा हिशेब उलटतो.

लोड द्यायला मानपूरच्या घाटात जाऊ नका. तिथे ट्रकांच्या रांगेत झटके मारणारी गाडी घेऊन प्रयोग करणं जिवावर बेतेल. तुम्हाला घाट नकोय, बूस्ट हवाय, आणि तो सपाट रस्त्यावरही मिळतो. गाडी अर्धा तास चालवून चांगली गरम करा. पहाटे बायपासवर रस्ता मोकळा असताना, चौथ्या गियरमध्ये अठराशे आरपीएमवरून अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून तीन हजारांपर्यंत न्या. गाडीत चार माणसं आणि एसी चालू असेल तर घाटाचीच परिस्थिती झाली. स्कॅनर शेजारच्याच्या हातात द्या, तुम्ही रस्त्याकडे बघा. काही अ‍ॅपमध्ये प्रत्येक सिलिंडरची मिसफायरची मोजणी दिसते, ती चालू ठेवायला सांगा. लाइट लुकलुकली की लगेच पाय काढा. दोन-तीन वेळा, पाच-सहा सेकंदांसाठी, एवढं पुरे. रस्ता मात्र गुळगुळीत निवडा. खड्ड्यांतून चाकांना बसणारे धक्के क्रँकपर्यंत पोहोचतात आणि काही गाड्यांत ते मिसफायर म्हणून मोजले जातात.

अदलाबदल करताना डोळे उघडे ठेवा, कारण कित्येकदा उत्तर तिथेच हातात येतं. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे तुमच्यासारखीच एक गाडी आली होती, तीही घाटातच मिस मारणारी. तिलाही नवे प्लग टाकून झाले होते. मी दोन नंबरची कॉइल ओढली आणि प्लग बाहेर काढून खिडकीशी उजेडात धरला. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर, वरच्या टोकापासून षटकोनी लोखंडापर्यंत, शिसपेन्सिलीने ओढावी तशी एक काळी रेघ. केसाइतकी बारीक. बोटाने पुसली तर पुसली जाईना. मग बूट कॉइलपासून काढून ब्लेडने उभा चिरला. आत, बरोबर त्याच जागी, तशीच रेघ, आणि रबराला जळकट वास. वीज त्या वाटेने पळत होती. एकदा ही कोळशाची रेघ पडली की ती स्वतःच तार होते. नवा प्लग घातला तरी जुन्या बूटमधली रेघ नव्या प्लगवर आपली खूण उमटवते, आणि नवा बूट जुन्या प्लगवर बसवला तर उलट. दोन्ही एकदम बदलले तरच ते दुखणं जातं. तुमच्या गाडीत प्लग बदलले आणि बूट तेच राहिले, म्हणून माझा पहिला संशय तिथेच जातो.

रेघेत आणि डागात गल्लत करू नका. प्लगच्या मातीवर, लोखंडाच्या अगदी वर, गोल तपकिरी पट्टा असतो. तो जवळजवळ प्रत्येक जुन्या प्लगवर येतो आणि निरुपद्रवी आहे. आपल्याला उभी काळी रेघ शोधायची आहे. आणि खड्ड्यात, म्हणजे प्लग जिथे बसतो त्या विहिरीत, तेल आहे का ते बॅटरी मारून बघा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग झिरपत असेल तर तेलाने बूटचं रबर फुगतं, मऊ पडतं आणि चिरतं. तेल सापडलं तर पॅकिंग बदलल्याशिवाय नवा बूट टाकणं म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा तेच काम.

विहिरीत पाणीही सापडतं. आपल्या शहराला स्वच्छतेची सवय लागली आहे आणि लोक गाडी धुताना बॉनेट उघडून इंजिनावरही प्रेशरचा पाइप मारून घेतात. कृपा करून हे बंद करा. पाणी कॉइलच्या खाली उतरतं, तिथून वाफ होऊन निघत नाही, आणि चार दिवसांनी मिसिंग सुरू होतं तेव्हा धुण्याशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता तुमचे नवे प्लग. त्यांचा नंबर खोक्यावरून नाही, प्लगवरून वाचा आणि गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघा. टर्बो इंजिनांचे प्लग बहुतेक ०.६ ते ०.८ मिलिमीटर फटीचे असतात. त्याच आकाराचे, त्याच आट्यांचे, बिनटर्बो इंजिनांसाठीचे प्लग १.० ते १.१ मिलिमीटरचे मिळतात. बसतात अगदी तंतोतंत. शहरात फरक कळतही नाही. घाटात कळतो, कारण पाशेनच्या हिशेबात फट दीडपट झाली. फट तारेच्या गेजने मोजा, नाण्यासारख्या चकतीच्या गेजने नको, तिने इरिडियमचं टोक दुखावतं. खाली पडलेला प्लग कधीही बसवू नका, मातीला न दिसणारा तडा गेलेला असतो. आणि टॉर्क पाना वापरा. सैल प्लगाची उष्णता हेडमध्ये जात नाही, आवळलेल्या प्लगाचं अंग वाकडं होतं.

वायरी. इंदुरात उघड्या पार्किंगमध्ये उंदीर हा इंजिनाचा मोठा शत्रू आहे, हे प्रत्येक मिस्त्री सांगेल. गरम इंजिनाच्या उबेला ते येऊन बसतात आणि कॉइलच्या, इंजेक्टरच्या बारीक वायरी कुरतडतात. पूर्ण तुटली तर गाडी सरळ बंद पडते. अर्धवट तुटली तर हादऱ्यावर आणि उष्णतेवर जुळते-सुटते. कनेक्टरची प्लॅस्टिकची कडी उष्णतेने ठिसूळ होऊन तुटलेली असते, तेव्हाही असंच. इंजिन स्लो वर ठेवून प्रत्येक कनेक्टर आणि वायरीचा जुडगा बोटांनी हलवून बघा, मोजणी वाढते का पाहा.

याच ठिकाणी मी एकदा मोठी चूक केली आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्या नव्याने यायला लागल्या होत्या. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत अदलाबदल केली, कोड हलला नाही, म्हणून इंजेक्टर बदलायला लावला. मिसिंग तसंच. इंजेक्टरच्या कनेक्टरमधली एक पिन सैल झाली होती, गरम झाली की संपर्क सुटायचा. ती पिन घट्ट करायला दहा मिनिटं लागली. त्या इंजेक्टरचे पैसे मी परत केले, आणि तेव्हापासून वायर तपासल्याशिवाय मी कुणालाही इंजेक्टर सांगत नाही.

इंजेक्टरच दोषी असू शकतो, हे मी नाकारत नाही. पण त्याची खूण बघून बोला. मिसिंग झाल्या झाल्या गाडी बाजूला घेऊन बंद करा, इंजिन निवल्यावर दोन नंबरचा प्लग काढा आणि बाकी दोघांशेजारी ठेवा. पेट्रोलने ओला आणि काळा असेल तर पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत नव्हती. कोरडा आणि बाकीच्यांपेक्षा पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय. ठिबकणाऱ्या इंजेक्टरची गाडी गरम असताना सुरू व्हायला त्रास देते आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो. डायरेक्ट इंजेक्शनचा इंजेक्टर प्रयोगासाठी काढून-घालून बघण्यासारखा भाग नाही. त्याचं टेफ्लॉनचं सील दर वेळी नवं लागतं, बसवायला खास हत्यार लागतं, काही गाड्यांत इंजेक्टरचा नंबर इसीयूत भरावा लागतो. म्हणून तो शेवटी. आणि 'साफ केले' म्हणजे नेमकं काय केलं, हे त्यांना विचारा. काढून बाकावर मोजून साफ केले, की टाकीत एक बाटली ओतली? आधी आणि नंतर किती फवारा पडला त्याचा आकडा मागा. पंधरा दिवस गाडी ठीक चालली ती त्या सफाईमुळे, असं समजू नका. ते पंधरा दिवस तुम्ही पूर्ण बूस्ट मागितलाच नव्हता.

कॉम्प्रेशन मोजणं हेड उघडण्याच्या कितीतरी आधीचं काम आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा, पेट्रोल बंद करा, बॅटरी चार्ज असू द्या, तिन्ही मोजा. आकड्यापेक्षा आपसांतला फरक महत्त्वाचा. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर हेडला हात लावायचं कारण नाही. फरक जास्त असेल तर लीकडाउन करा: पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. फुसफुस थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल ओतण्याच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. एवढं झाल्यावर कुणी हेड उघडायला सांगितलं तर मीही हो म्हणेन.

इनटेक व्हॉल्व्हवर जमणारा कार्बन हे डायरेक्ट इंजेक्शनचं जुनं दुखणं आहे, कारण पेट्रोल व्हॉल्व्हवर पडतच नाही, ते धुतले जात नाहीत, आणि टाकीत ओतलेली औषधं तिथे पोहोचतच नाहीत. पण त्याची तक्रार सहसा सकाळी गार इंजिनावर असते, थोडं गरम झालं की निवळते. तुमचं उलट आहे. म्हणून तो विषय इथे सोडतो.

ज्यांच्या गाडीत सगळेच सिलिंडर कोड देतात त्यांच्यासाठी दोन शब्द. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (इसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा) बघा. स्लो वर ट्रिम अधिक पंधरा-वीस टक्के आणि अडीच हजार आरपीएमवर खाली येत असेल तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी हवा आत शिरतेय. स्लो वर ठीक आणि लोडवर वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय, मग रेल प्रेशर (इंजेक्टरांना मिळणाऱ्या पेट्रोलचा दाब) मागितलेलं किती आणि मिळतंय किती ते लोडवर बघा. पण मिसफायर चालू असताना ट्रिमवर विसंबू नका. न जळलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन सेन्सरपाशी पोहोचतो, इसीयूला वाटतं पेट्रोल कमी आहे, आणि तो ते उगाच वाढवत नेतो. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचाही हिशेब धरा. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून ई१०साठी बसवलेल्या गाडीत ई२० भरल्यावर इसीयूला साधारण चार टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतं. एवढी वाढ दिसली म्हणून होज शोधत बसू नका. बूस्टचा होज क्लिपमधून सुटलाय का हे बघायला धुराचं मशीन सगळ्यात चांगलं, नसेल तर सांध्यांवर तेलाची ओल शोधा. आणि एक सोपी परीक्षा आपल्या शहरापुरती: इंजिन बंद, चावी चालू, मॅनिफोल्ड प्रेशर वाचा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, आकडा ९५ किलोपास्कलच्या जवळ यायला हवा. १०१ किंवा ८८ दाखवत असेल तर आधी सेन्सरला धरा.

तुमच्या चालवण्याबद्दल एक सांगतो, रागावू नका. पाच माणसं, एसी, चढ आणि चौथा गियर अठराशेवर, हे टर्बोच्या लहान इंजिनाला सोसत नाही. खालच्या आरपीएमवर टर्बो जोर देतो म्हणून गियर टाकावासा वाटत नाही, पण अशाच वेळी सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेटू शकतो. तो स्फोट इतका कडक असतो की पिस्टनच्या रिंगांमधली कड फुटते, आणि मग खरंच हेड उघडावं लागतं. घाटात तिसरा टाका, अडीच हजारांच्या वर ठेवा. तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच, आणि डब्यावर एपीआय एसपी (तेलाच्या दर्जाचा शिक्का) असेल असं घ्या. २०२० साली आलेल्या त्या दर्जात नेमका हा धोका कमी करण्याची चाचणी आहे.

तर तुमच्यासाठी क्रम असा: प्लगचा नंबर आणि फट, बूट आणि विहीर, अदलाबदल करून बायपासवर फेरी, मग वायरी, मग कॉम्प्रेशन, आणि इंजेक्टर सगळ्यात शेवटी. पहिली तीन कामं एका सकाळी होतात. आणि आज संध्याकाळीच त्या गॅरेजमध्ये जाऊन तुमचे जुने तीन प्लग मागून घ्या, फेकले नसतील तर. त्यांतल्या एकाच्या मातीवर उभी काळी रेघ दिसली तर त्याचा जवळून फोटो काढून मला दाखवा, आणि तोवर गाडी घाटासारख्या लोडवर नेऊ नका.